पंगतीचे पथ्य यजमानाने पाळावे

दिवाळीच्या आठवडाभर आधी सुरू होणारा आणि 31 डिसेंबरच्या रात्री शिगेला पोहोचणारा एक वाद आता आपल्याकडे दरवर्षीचा झाला आहे. एका बाजूने नाचणीचे लाडू, न तळलेला चिवडा, साखरेऐवजी खजूर यांच्या पाककृती येतात आणि सोबत 'जिभेवर ताबा ठेवा' हा उपदेश येतो. दुसऱ्या बाजूने 'आमचे आजोबा पुरणपोळी तुपात बुडवून खात आणि नव्वद वर्षे जगले' असे उत्तर येते, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या सणाला तरी कॅलरी मोजू नका असा दम दिला जातो. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे परस्परविरोधी वाटते, पण दोघांचे एक गृहीतक समान आहे: काय खायचे हे खाणारा ठरवतो, आणि म्हणून त्याला एकतर आवरायचे किंवा मोकळे सोडायचे. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. समारंभातले ताट खाणारा ठरवत नाही. ते यजमान ठरवतो, आचारी रांधतो, वाढपी वाढतो आणि आजूबाजूची मंडळी ते संपवायला लावतात. म्हणून सणासमारंभातल्या आरोग्याची पहिली जबाबदारी यजमानाची आहे, आणि पथ्य पाळायचेच असेल तर ते त्याने, स्वयंपाक ठरवताना आणि वाढताना, पाळायला हवे.

मराठवाड्यात हा मुद्दा पडताळून पाहण्याची संधी 2024 साली कॅलेंडरनेच दिली होती. त्या वर्षी मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, 30 डिसेंबरला आली आणि दुसऱ्याच दिवशी थर्टीफर्स्ट होता. लातूर-धाराशिवकडे येळवसच्या दिवशी शहरे ओस पडतात. माणसे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पूजा करतात आणि तिथेच जेवतात. त्या जेवणात काय असते? हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, चुका, कांद्याची पात, ओले वाटाणे, तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे, शेंगदाणे, चिंच असे शेतात आणि घरात जे असेल ते बेसन लावून एकत्र शिजवलेली भज्जी असते. बाजरीचे उंडे असतात. ज्वारीच्या पिठाची, ताकात आंबवून लसूण-जिऱ्याचा स्वाद दिलेली आंबील माठात असते. आणि गोड म्हणून गुळातली गव्हाची खीर. भरड धान्य, डाळी, पालेभाज्या, आंबवलेले पेय आणि एकच गोड पदार्थ, म्हणजे आहारतज्ज्ञ वर्षभर जे सांगत असतात ते बहुतेक सगळे त्या एका ताटात येते. तरीही तिथे जेवणारा कोणी आपण पथ्याचे खात आहोत असे मानत नाही. तो आडवा हात मारून जेवतो, शेजारच्या शेतातून हाक आली की तिथेही आंबील पितो आणि दुपारी बांधावर लवंडतो. दुसऱ्या रात्री त्याच घरातली मंडळी गच्चीवर किंवा ढाब्यावर जमतात. तिथे फरसाण, तळलेले चिकन, दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या, दारू, मध्यरात्रीचा केक आणि त्यानंतर जेवण असते. चोवीस तासांत या माणसांचा संयम कुठे गेला, असे कोणी विचारील का? माणसे तीच होती, भूक तीच होती, उत्साहही तोच होता. बदलले ते फक्त समोर ठेवलेले पदार्थ आणि ते ठेवणाऱ्याचा विचार.

येळवसचे गोडवे गाऊन जुने ते सगळे सोने ठरवण्याचा माझा हेतू नाही. ते जेवण आरोग्य डोळ्यांपुढे ठेवून कोणी ठरवलेले नाही. त्या दिवसांत रानात जे असते ते ताटात आले इतकेच. शिवाय जुन्या पंगतींत जात होती, बायका सर्वांत शेवटी जेवत होत्या आणि ताटात उरेल तेवढ्यावर त्यांची बोळवण होत होती. ते परत यावे असे कोणी म्हणणार नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की ताट बदलले की खाणे बदलते, आणि त्यासाठी जेवणाऱ्याला स्वतःशी झगडावे लागत नाही.

आता विरोधी बाजूचे म्हणणे. 'एका दिवसाने काय होते?' या प्रश्नात तथ्य आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या अखेरीपासून नववर्षापर्यंत मेजवान्यांचा हंगाम असतो, आणि त्या काळात वजन पाच-पाच पौंडांनी वाढते अशी तिथे समजूत होती. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या संशोधकांनी 195 प्रौढांचे प्रत्यक्ष वजन घेतले तेव्हा सुट्ट्यांतली सरासरी वाढ सुमारे 370 ग्रॅमच निघाली. त्या माणसांचा स्वतःचा अंदाज मात्र याच्या कितीतरी पट होता. म्हणजे एका सणाने शरीराचे वाटोळे होते असे सांगून लोकांना धास्तावणारे चुकतात. पण त्याच पाहणीत दुसरीही गोष्ट दिसली: वाढलेले ते थोडेसे वजन पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही उतरले नव्हते. थोडे वाढते आणि टिकून राहते, हे दहा-पंधरा वर्षे चालले की चाळिशीतल्या माणसाच्या पँटचे माप बदलते, आणि तोपर्यंत कुठल्याही एका दिवसाला दोष देता येत नाही.

शिवाय आपल्याकडे तो एक दिवस असतो कुठे? दसऱ्याला सोने द्यायला गेले की घरोघरी काहीतरी खावे लागते. दिवाळीचा फराळ पंधरा दिवस पुरतो. तुळशीचे लग्न झाले की लगीनसराई सुरू होते आणि त्यात साखरपुडा, हळद, लग्न, सत्यनारायण असे एकेका घरचे तीन-चार जेवणाचे कार्यक्रम येतात. मग येळवस, हुरडा, संक्रांत, गावोगावचे हरिनाम सप्ताह आणि त्यांच्या काल्याचे महाप्रसाद, यात्रा, कंदुरी, बारसे, जावळ, वास्तुशांत. अधिक महिना आला की जावयाला धोंडे जेवण. पूर्वी हे नव्हते असे नाही, पण पूर्वी आमंत्रण बैलगाडीच्या पल्ल्यातले असायचे. आता मोटारसायकलवरून एका दिवसात तीन तिथी गाठल्या जातात आणि तिन्ही ठिकाणी 'जेवल्याशिवाय जायचं नाही' हेच ऐकावे लागते. 'एक दिवस' हा युक्तिवाद वर्षातून साठ वेळा वापरला गेला तर त्याचा अर्थ काय उरतो?

आणि पंगतीला बसलेली सगळी शरीरे सारखी नसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा होता की भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण शहरांत 16.4 टक्के आणि ग्रामीण भागात 8.9 टक्के निघाले. उच्च रक्तदाब मात्र एकूण 35.5 टक्क्यांमध्ये. यातली सर्वांत दखल घेण्यासारखी बाब ही की उंबरठ्यावरच्या लोकांचे प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळजवळ सारखेच, 15 टक्क्यांच्या आसपास आहे. 'हे शहरी लोकांचे आजार, आपल्याला काय त्याचे' असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. हे सरासरीचे प्रमाण लावले तर गावातल्या 500 प्रौढांच्या जेवणावळीत साधारण पंचेचाळीस माणसे मधुमेहाची असतात, पंचाहत्तरेक उंबरठ्यावरची असतात आणि पावणेदोनशे माणसांनी मीठ जपायला हवे असते. यजमानाने या माणसांना बोलावले आहे. ती त्याच्या दारात जेवायला आली आहेत. त्यांच्यासाठी काय रांधले, हा प्रश्न त्याला विचारायचा नाही तर कोणाला?

मराठवाड्यातल्या कुठल्याही लग्नात दिसणारे एक दृश्य पाहा. सतरंजीवर पंगत बसली आहे. पत्रावळीवर मीठ आणि लोणच्यापाठोपाठ बुंदी पडते. वांग्याची भाजी मागून येते, पुरी त्याहून मागे असते, आणि ताक किंवा मठ्ठा शेवटी, उरला तर. पासष्टीचे एक गृहस्थ पत्रावळीवर आडवा हात धरतात. वाढपी थांबतो, पण यजमानाचा भाऊ पाठीमागून येतो आणि 'घ्या की हो मामा, एका दिवसानं काय व्हतंय' म्हणत त्या हाताच्या बोटांमधूनच बुंदी सोडतो. मामा हसतात. शेजारचे हसतात. अन्न टाकायचे नाही हा संस्कार लहानपणापासूनचा, म्हणून मामा ती बुंदी खातात. आता यात मामांचा संयम नेमका कुठे कमी पडला? त्यांनी नाही म्हटले होते. त्यांचे 'नाही' चारचौघांत मोडून काढले गेले, आणि उद्या साखर चढलेली निघाली की डॉक्टर त्यांनाच विचारणार, 'तुम्ही पथ्य का पाळले नाही?'

आजोबांच्या तुपाचा दाखला देणाऱ्यांना मी दोन गोष्टी आठवून देतो. आजोबा दिवसभर औत हाकत होते, मोट धरत होते, पाच-सहा मैल चालून बाजार करत होते. ते तूप रोज मिळतही नव्हते आणि मिळाले तर अंगात मुरायला तेवढे कष्ट होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्याला नव्वद वर्षे जगलेले आजोबा आठवतात, कारण तेच आपल्याला भेटले. जे पन्नाशीत गेले त्यांचे तूप कोणी मोजले नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशाचे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे, पण त्या पिढीची प्रकृती एकंदर ठणठणीत होती असे त्यावरून म्हणता येत नाही.

या वादात मला सर्वांत कठीण वाटणारा आक्षेप वेगळाच आहे आणि तो फारसा कोणी नीट मांडत नाही. ज्या लोकांनी उपासमार पाहिली, त्यांना गोडधोडावरून शिकवण्याचा अधिकार कोणाला आहे? 1972 चा दुष्काळ मराठवाड्यातल्या साठी ओलांडलेल्या माणसांच्या अंगात अजून आहे. खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या न गिळवणाऱ्या भाकरी खाऊन ज्यांनी ते वर्ष काढले, त्यांच्या लेखी पोराच्या लग्नात पाहुण्याला पुरी आणि बुंदी पोटभर वाढणे म्हणजे आपण त्यातून बाहेर आलो याची साक्ष आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पंगतीबाहेर बसवले गेले, त्यांच्या घरच्या भरगच्च पंगतीला तर याहून मोठा अर्थ आहे. पुण्या-मुंबईच्या पुरवणीतला 'साखर टाळा' हा सल्ला त्या घरात अपमानासारखा लागला तर तो दोष ऐकणाऱ्याचा नाही.

पण हा आक्षेप जितका खरा आहे तितकाच तो माझ्या बाजूने जातो. मिलो खाल्लेल्या त्याच माणसांना आज मधुमेह आहे, आणि गर्भात किंवा बाळपणी कुपोषण सोसलेल्या शरीराला पुढे भरपूर अन्न मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. ज्यांनी सर्वाधिक उपासमार सोसली त्यांनाच सुबत्तेचे अन्न सर्वाधिक बाधते. मग त्यांचा मान राखायचा तो कसा? भरगच्च ताट हा मान असेल तर ते ताट डाळीने, उसळीने, पालेभाजीने, ताकाने, हव्या तर मटणाच्या रश्श्यानेही भरता येते. कमी वाढा असे मी म्हणत नाही. पैठणच्या एकनाथांची कथा आपण सगळे जाणतो: श्राद्धासाठी रांधलेल्या अन्नाच्या वासाने दाराबाहेरची भुकेली माणसे थबकली, तेव्हा नाथांनी रिवाजाची पर्वा न करता ते अन्न आधी त्यांना वाढले. त्या काळच्या धर्ममार्तंडांना ते रुचले नाही. त्या कथेत रिवाज एकीकडे आहे आणि दारातला माणूस दुसरीकडे, आणि यजमान कोणाकडे पाहतो यावर सगळे ठरते. आज दारात आलेल्या माणसाला साखरेचा आजार आहे. रिवाज मात्र पत्रावळीवर आधी बुंदी पाडायला सांगतो.

'प्रौढ माणसांना स्वतःचे कळते, यजमान काही त्यांचा पालक नव्हे' असेही म्हटले जाते. हे म्हणणारे बहुधा निवडीच्या स्वातंत्र्यावर श्रद्धा ठेवणारे असतात आणि ती श्रद्धा मलाही आहे. पण निवड करायला समोर दोन गोष्टी असाव्या लागतात. ज्या रिसेप्शनमध्ये पेय म्हणून फक्त कोल्ड्रिंक आहे आणि पाण्याचा जार कोपऱ्यात रिकामा पडला आहे, तिथे पाहुण्याने काय निवडायचे? मोठ्या ताटात, मोठ्या वाटीत, मोठ्या पळीने वाढले की माणसे अधिक खातात, हे अनेक प्रयोगांच्या 2015 सालच्या एकत्रित आढाव्यातून स्पष्ट झाले आहे, आणि खाणाऱ्याला आपण अधिक खाल्ले हे बहुधा जाणवतही नाही. वाढण्याच्या क्रमालाही असेच महत्त्व आहे. भाजी, डाळ, उसळ आधी पोटात गेली आणि भात-पुरी मागून आली तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते, असे छोट्या पण नेटक्या अभ्यासांत दिसले आहे. आपल्या पंगतीत हा क्रम नेमका उलटा असतो. पळीचा आकार आणि वाढण्याचा क्रम पाहुणा ठरवत नाही.

2018 च्या सुमारास महाराष्ट्रभर एक आहारवाद रंगला होता. दोनच वेळा जेवा असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित एका बाजूला आणि थोड्या थोड्या वेळाने, घरचे, स्थानिक अन्न खा असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर दुसऱ्या बाजूला. त्यातला बरोबर कोण हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. त्या वादाने एक मोठे काम केले: इन्सुलिन हा शब्द पारावर आणि एसटीत बोलला जाऊ लागला. पण त्यात सगळे लक्ष खाणाऱ्याच्या घड्याळाकडे होते. दोन वेळा जेवणारा आणि सहा वेळा खाणारा, दोघेही लग्नात गेले की एकाच बुंदीपुढे बसतात आणि दोघांच्याही पाठीशी 'घ्या की' म्हणणारा उभा असतो.

समारंभाचे रिवाज बदलत नसतात, असे ज्यांना वाटते त्यांनी थोडे मागे पाहावे. साठ-सत्तरच्या दशकांत धान्यटंचाईमुळे अनेक राज्यांनी पाहुण्यांच्या संख्येवर बंधन घालणारे आदेश काढले होते. ते फारसे टिकले नाहीत, कारण आपल्या मांडवात पोलिसाने डोकी मोजावीत हे कोणालाच मानवत नव्हते. त्याच काळात, 1965 साली, लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले तेव्हा असंख्य घरांत सोमवारची संध्याकाळ निमूटपणे उपाशी गेली. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो तिसरा दाखला. एके काळी लग्नाच्या मांडवात पाहुण्यांपुढे तबक फिरायचे आणि त्यात पानसुपारीबरोबर तंबाखू, विड्या, ऐपतीप्रमाणे सिगारेटीही असायच्या. वरपक्षाच्या माणसापुढे सिगारेटचे पाकीट आले नाही म्हणून रुसवेफुगवे व्हायचे. आज कुठल्या मांडवात ते तबक फिरते? आणि ते फिरत नाही म्हणून कोणी यजमानाला कंजूष म्हणते? सिगारेट ओढणारी माणसे संपलेली नाहीत; ज्याला हवी तो बाहेर जाऊन ओढतो. पण आपल्या हाताने पाहुण्याला ती द्यायची हा आदरातिथ्याचा भाग आता उरलेला नाही. हा बदल पाहुण्यांच्या मनोनिग्रहामुळे आला नाही. कायद्याने आणि डॉक्टरांनी वातावरण तयार केले हे खरे, पण तबक बंद केले ते यजमानांनी. तंबाखूच्या बाबतीत हे जमले तर जबरदस्तीच्या बुंदीच्या बाबतीत का जमू नये?

इथे एक गंभीर इशारा द्यायला हवा, कारण 'आरोग्यदायी सण' या कल्पनेने घरात एक नवा अन्याय सुरू केला आहे. फराळाचे सहा नेहमीचे पदार्थ करून झाल्यावर घरातल्या बाईने आता सासऱ्यांसाठी बिनसाखरेचे लाडू, नवऱ्यासाठी भाजलेली चकली आणि मुलीसाठी आणखी तिसरे काही करायचे, अशी अपेक्षा ठेवली जाते. पुरवणीतली प्रत्येक नवी पाककृती म्हणजे तिचे दोन तास. शिवाय खजूर, गूळ आणि मध यांच्या नावावर केलेले लाडू मधुमेहाच्या माणसाला निर्धास्तपणे वाढले जातात, हे तर धोक्याचेच आहे. गूळ झाला तरी रक्तात शिरल्यावर त्याची साखरच होते. म्हणून यजमानाने पाळायच्या पथ्यात पदार्थांची भर घालणे बसत नाही. त्यात पदार्थ कमी करणे बसते: सहाऐवजी तीन, आणि तेही जे घरातल्यांना खरोखर आवडतात ते, नेहमीच्या साखरेचे, नेहमीच्या तेलातले, पण लहान वाटीत. चांगली करंजी एक खाल्ली तरी तिने मन भरते, असा माझा अनुभव आहे.

'चांगले अन्न महाग पडते' या आक्षेपात अर्धे सत्य आहे. ज्वारी आज पुष्कळदा गव्हापेक्षा महाग मिळते, रेशनवर वर्षानुवर्षे मुख्यतः गहू-तांदूळच मिळत आला, आणि ज्वारीच्या रानात सोयाबीन आणि ऊस आला. पाचशे माणसांना गरम भाकरी वाढणे हे पाचशे पुऱ्या तळण्याहून कितीतरी अवघड काम आहे, हे कोणताही आचारी सांगेल. पण यावर वाटा निघत आहेत. अनेक गावांत बचत गटांच्या बायका लग्नासाठी भाकरीच्या ऑर्डरी घेतात, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण 2018 साली दिले आहे. ते तर राहूच द्या. भाकरी नाही जमली तरी चालेल. खर्च खरा वाढतो तो तिसऱ्या-चौथ्या गोड पदार्थाने, आइस्क्रीमच्या स्टॉलने आणि कोल्ड्रिंकच्या क्रेटने. मटकीची उसळ, मेथीची डाळभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि ताक यांनी कुठल्या बापाचे दिवाळे निघाले?

पेयांबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण पंगतीतली सर्वांत निरर्थक साखर तिथे असते. 300 मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरात वरून घातलेल्या साखरेची आदर्श मर्यादा जवळपास 25 ग्रॅम सांगितली आहे. म्हणजे मुलाने जेवणापूर्वी मांडवात एक बाटली संपवली की त्याचा दिवसाचा वाटा संपला, आणि पोट भरल्यासारखेही झाले नाही. उन्हाळी लग्नात तहानलेल्या माणसाला आधी हवे असते ते पाणी. मग मीठ-जिरे घातलेले पातळ ताक, कैरीचे बेताच्या गुळाचे पन्हे, येळवसची आंबील. यजमानाने ही पेये दाराशी, मानाच्या जागी ठेवली आणि कोल्ड्रिंक मागितल्यावर दिले, तर कोणाचाही हक्क हिरावला जात नाही.

दारूच्या बाबतीत आग्रह ही गोष्ट थेट जीवाशी येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्टच म्हटले की दारूचे आरोग्याला सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. तरीही प्रौढ माणसे पिणार, हे धरूनच बोलतो. थर्टीफर्स्टच्या बैठकीत जेवण बाराच्या पुढे ढकललेले असते, माणसे रिकाम्या पोटी प्यायला बसतात आणि त्यांतला एखादा इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा असतो. यकृत दारूच्या मागे लागले की रक्तात साखर सोडण्याचे त्याचे काम मंदावते आणि या माणसाची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येऊ शकते. त्याला घाम सुटतो, जीभ अडखळते, तो असंबद्ध बोलतो, आणि मित्र म्हणतात, 'याला चढली, झोपू द्या.' त्या झोपेतून माणूस न उठण्याचा धोका असतो. ज्याने बैठक बोलावली त्याने जेवण आठला वाढावे, न पिणाऱ्याच्या हातात ताकाचा ग्लास असेल तर त्याची टिंगल थांबवावी, आणि पिऊन मोटारसायकलला किक मारणाऱ्याची चावी काढून घ्यावी. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडायला फार काही लागत नाही. यातली एकही गोष्ट पिणाऱ्याने स्वतः करावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही, कारण त्या वेळी त्याचा विवेकच शाबूत नसतो.

तेव्हा बोलायचेच असेल तर यजमानाशी, आणि तेही योग्य वेळी बोलू. मांडव पडल्यावर, कढया चढल्यावर काही बदलत नाही. आपल्याकडे तिथी ठरली की आचाऱ्याला बोलावून सामानाची यादी करतात: साखर किती कट्टे, तेलाचे डबे किती, डाळ किती, पत्रावळ्या किती. त्या यादीला घरातली मोठी माणसे बसलेली असतात आणि आचारी विचारतो, 'गोडाचं किती धरू?' तिथेच सांगता येते की गोड एकच, आणि ते मागेल त्याला. भाजी आणि डाळ आधी फिरवा, पळी लहान घ्या. तळणीचे तेल दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, काळे पडलेले तेल वापरायला अन्नसुरक्षेच्या नियमांनीही मनाई आहे. ताकाचे पिंप पंगतीच्या सुरुवातीला हवे. आणि ज्याने पत्रावळीवर हात धरला त्याला दुसऱ्यांदा विचारू नका, हे तुमच्या वाढप्यांना आणि आमच्या भावकीलाही सांगून ठेवा. आचाऱ्याला यात काहीच अवघड नसते. तो यजमान म्हणेल तसे करतो, आणि गावातल्या एका मोठ्या घराने हे केले की पुढच्या लगीनसराईत दुसऱ्या घरच्या यादीत तो स्वतःच विचारतो, 'तुमच्याकडे बी तसंच करायचं का?'